लहान ओढ्यातला ट्राउट: पहिल्या फेकीच्या आधी काय करायचं आणि नंतर काय

लहान ओढ्यावर फ्लाय फिशिंगला, म्हणजे गळावर पिसं-दोऱ्यांनी बांधलेल्या नकली किड्याने (फ्लायने) ट्राउट मासा पकडायला, जाणारे बरेच जण एकच तक्रार घेऊन परततात: मासे दिसले, पण फ्लाय पाण्यावर पडायच्या आतच पळाले. मग दोष फ्लायला दिला जातो, नवा रॉड घेतला जातो, मैदानावर लांब फेकीचा सराव सुरू होतो. त्याने फारसा फरक पडत नाही, कारण गडबड फेकीच्या आधीच्या दहा मिनिटांत झालेली असते. मोठ्या नदीत आधी पाण्यात उतरून मग काय करायचं ते ठरवलं तरी निभावतं. तीन-चार मीटर रुंद आणि गुडघाभर खोल ओढ्यात असं केलं की तो डोह पुढचा अर्धा तास रिकामा समजावा. इथे आधी पाहायचं, मग जागा घ्यायची, मग फेकायचं. पाण्यात शक्यतो उतरायचंच नाही.

ट्राउट म्हणताना इथे ओढ्यातच जन्मलेला आणि तिथेच वाढलेला मासा अभिप्रेत आहे, हॅचरीतून आणून सोडलेला नाही. तो बहुधा वीतभरच असतो. पण आयुष्यभर पक्ष्यांपासून आणि पाणमांजरांपासून जीव वाचवत आलेला असल्याने त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. अशा माशाजवळ त्याला न कळता पोहोचणं आणि त्याने आपली फ्लाय खरा किडा समजून वर येऊन घेणं, यात जो आनंद आहे तो माशाच्या वजनावर अवलंबून नसतो.

## टप्पा १: निघण्यापूर्वी

नियम आधी वाचा. परवाना, हंगामाच्या तारखा, फक्त कृत्रिम फ्लायची अट, पकडून सोडण्याची सक्ती हे सगळं ठिकाणानुसार बदलतं, कधी कधी एकाच ओढ्याच्या दोन भागांतही बदलतं. ओढा खासगी जमिनीतून जात असेल तर मालकाची परवानगी घ्या.

विणीचा काळ टाळा. ब्राउन आणि ब्रूक ट्राउट शरद ऋतूपासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत अंडी घालतात, तर रेनबो ट्राउट मुख्यतः वसंतात. मादी शेपटीने खडी उकरून तिच्यात अंडी पुरते. ती जागा आजूबाजूच्या शेवाळलेल्या तळापेक्षा उजळ, स्वच्छ लंबगोल पट्ट्यासारखी दिसते. तिथे पाय पडला तर शेकडो अंडी चिरडली जातात. हंगाम कायद्याने सुरू असला तरी असे पट्टे दिसले की त्या भागातून पाण्यात चालू नका आणि तिथल्या माशांवर फ्लाय टाकू नका.

थर्मामीटर सोबत घ्या. बहुतेकांच्या सामानात नसलेली आणि सगळ्यात उपयोगी अशी ही वस्तू आहे. ट्राउट थंड पाण्याचा मासा आहे. पाणी १० ते १६ अंश सेल्सियस असेल तर तो मोकळेपणाने खातो. ७ अंशांखाली सुस्तावतो, तळाशी राहतो, आणि वरच्या फ्लायकडे क्वचितच येतो. पाणी तापत जातं तसा त्यातला विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. समुद्रसपाटीवर १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशांना सुमारे ९. त्याच वेळी उष्णतेमुळे माशाची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. अशा पाण्यात गळाशी झुंजून दमलेला मासा सोडल्यावर पोहत जाताना दिसला, तरी नंतर मरू शकतो.

तपासा: पाणी १८ अंशांवर असेल तर त्या दिवशी फक्त पहाटेचे तास घ्या. २० अंशांवर थांबा. मासे खात असतील तरी थांबा.

उन्हाळ्यात सकाळ, वसंतात आणि शरदात दुपार, असा साधारण हिशेब ठेवा. थंडीच्या दिवसांत पहाटे लवकर पोहोचून काही हाती लागत नाही, कारण पाणी तापायला आणि किडे हलायला दुपार उजाडावी लागते.

## टप्पा २: रॉड, लाइन, लीडर

लहान ओढ्यासाठी लोक सर्वांत छोटा रॉड शोधतात. साडेसहा फुटांचा रॉड झाडांच्या बोगद्यात सोयीचा पडतो हे खरं. पण ओढा थोडा जरी मोकळा असेल तरी त्या रॉडने लाइन (फेकीची जाड दोरी) पाण्यापासून वर उचलून धरता येत नाही, आणि तीच गोष्ट पुढे सातव्या टप्प्यात सगळ्यात जास्त लागते. एकच रॉड घ्यायचा तर साडेसात फुटांचा, ३ नंबरच्या लाइनचा घ्यावा.

लांबीपेक्षाही त्याचा लवचिकपणा महत्त्वाचा आहे. फ्लाय लाइनचा नंबर तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावर ठरतो. ३ नंबरच्या लाइनचे हे ३० फूट सुमारे साडेसहा ग्रॅम भरतात. लहान ओढ्यात मात्र रॉडच्या टोकाबाहेर असते जेमतेम दोन-तीन मीटर लाइन. एवढ्याशा वजनाने कडक, वेगवान रॉड वाकतच नाही आणि फेकणारा हाताच्या जोरावर फ्लाय ढकलू लागतो. मग लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक धागा, गोळा होऊन पडतो. म्हणून जवळच्या फेकीत सहज वाकणारा, मऊ रॉड निवडा. कडकच रॉड हाताशी असेल तर त्यावर एक नंबर जड लाइन चढवा, पुष्कळ फरक पडेल.

लाइन तरंगणारी हवी, रंग मंद हवा. रीलकडून इथे लाइन गुंडाळून ठेवण्यापलीकडे फार अपेक्षा नाही.

लीडर साडेसात फुटांचा, टोकाकडे बारीक होत जाणारा. त्याच्या टोकाला ४५ ते ६० सेंटिमीटर टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा सर्वांत बारीक धागा, जोडा. टिपेटच्या जाडीचा आकडा उलटा चालतो. ५एक्स म्हणजे ०.००६ इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर, ४एक्स त्याहून जाड, ६एक्स त्याहून बारीक. अकरातून एक्सचा आकडा वजा केला की इंचाच्या हजारांश भागात जाडी मिळते. फ्लायच्या आकाराला तिनाने भागलं की कोणतं टिपेट लावायचं ते कळतं: १४ नंबरच्या फ्लायला सुमारे ५एक्स.

टिपेट जोडायला दुहेरी सर्जन्स नॉट आणि फ्लाय बांधायला इम्प्रूव्ह्ड क्लिंच नॉट एवढ्या दोन गाठी पुरतात. घरी बसून, डोळे मिटून बांधता येईपर्यंत त्या गिरवा. आवळण्यापूर्वी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने नायलॉन तापतं आणि नेमकं तिथेच कमकुवत होतं.

इशारा: गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाका, आणि हे घरूनच करून निघा. ओढ्यावर माशाच्या नादात ते राहून जातं. काटा चेपलेला गळ माशाच्या तोंडातून एका हलक्या झटक्यात निघतो, आणि चुकून तुमच्या बोटात शिरला तरी तसाच निघतो.

पोलराइज्ड चष्मा ही चैन समजू नका. पाण्यावरची चकाकी कापल्याशिवाय तळ दिसत नाही आणि मासाही दिसत नाही. झाडांच्या सावलीतल्या ओढ्यावर गडद करड्या काचेपेक्षा पिवळसर किंवा तांबूस काच बरी. शिवाय अरुंद जागेत उडणाऱ्या गळापासून डोळे वाचतात. कपडे मंद रंगाचे असावेत, टोपीला पुढे छज्जा असावा, आणि अंगावर चमकणारं काही लटकत नसावं.

## टप्पा ३: फ्लायची डबी

एक छोटी डबी पुरे. लहान ओढ्यात अन्न मोजकं असतं. समोरून आलेला घास दोन-चार क्षणांत घ्यायचा की सोडायचा हे माशाला ठरवावं लागतं, त्यामुळे तो फार चोखंदळ राहू शकत नाही. त्याच्या अन्नात मेफ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय हे पाण्यात वाढणारे किडे असतात. उन्हाळ्यात काठावरच्या झाडा-गवतातून पडणाऱ्या मुंग्या, भुंगेरे आणि नाकतोडेही मोठ्या प्रमाणात येतात.

यावर बेतलेला साठा असा ठेवा:

- पॅराशूट ॲडम्स, १४ आणि १६ नंबर. पाठीवरच्या पांढऱ्या झुबक्यामुळे सावलीतही दिसते.
- एल्क हेअर कॅडिस, १४ नंबर. खळाळत्या पाण्यात बुडत नाही.
- काळी मुंगी किंवा भुंगेरा, १४ ते १६. उन्हाळ्यातल्या दुपारी बाकी सगळं थंड पडलं असताना हाच चालतो.
- फेझंट टेल आणि हेअर्स इअर निंफ (पाण्याखालच्या अपक्व किड्यांच्या नकला), १४ ते १६, डोक्याला धातूचा मणी लावलेल्या. तळाजवळ खाणाऱ्या माशांसाठी.

गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावं.

मासे वर येत नसतील तर तरंगती फ्लाय आणि निंफ एकत्र बांधता येतात. तरंगत्या फ्लायच्या गळाच्या वळणावर ४० ते ५० सेंटिमीटर टिपेट बांधायचं आणि त्याच्या टोकाला निंफ. वरची फ्लाय अचानक थबकली किंवा बुडाली की खाली कुणीतरी निंफ घेतली. मात्र काही ठिकाणी दोन फ्लाय वापरायला मनाई असते. आणि फांद्यांच्या गर्दीत ही जोडी फार गुंतते, म्हणून सुरुवात एकाच फ्लायने करावी.

तरंगत्या फ्लायला फ्लोटंट जेल (तिला बुडू न देणारं) अगदी थेंबभर, बोटांवर चोळून लावा. थापलं की पिसं चिकटतात आणि फ्लाय बुडते. हेही कोरड्या फ्लायला, बांधल्या बांधल्या लावायचं. भिजल्यानंतर लावलेलं जेल पाणी आत अडकवून ठेवतं.

## टप्पा ४: आधी पाणी वाचा

ओढ्यावर पोहोचलात की रॉड जोडण्याआधी काठापासून चार-पाच पावलं मागे थांबा आणि दोन-तीन मिनिटं फक्त पाहा. एवढी साधी गोष्ट फार थोडे जण करतात, आणि हे करणाऱ्यांना मासे मिळतात.

पाहायचं हे: ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, कारण अन्न वरून वाहत येतं. त्याला अन्न जवळून जायला हवं, पण धारेशी झगडत राहणं परवडत नाही. म्हणून तो जोराच्या धारेला लागून असलेल्या संथ पाण्यात उभा राहतो आणि बाजूला सरकून घास घेतो. त्याच्या जागा ठरलेल्या असतात.

वेगवान आणि संथ पाण्याची शिवण. दोन वेगांचे प्रवाह एकमेकांना घासून जातात ती रेषा. फेसाचे बुडबुडे बहुधा याच रेषेवरून जातात. बुडबुडे जिथून जातात तिथूनच किडेही जातात, म्हणून ओळख पटत नसेल तर बुडबुड्यांचा माग काढा.

दगडाच्या पुढे आणि मागे. मागच्या आडोशाला मासा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. दगडाच्या पुढच्या बाजूलाही पाणी आदळून परतताना संथ पाण्याची एक छोटी गादी तयार होते. तिथे बऱ्याचदा जास्त चांगला मासा उभा असतो, कारण अन्न आधी त्याच्यापर्यंत पोहोचतं.

खाली पोखरलेला काठ आणि लोंबणाऱ्या फांद्या. सावली, आडोसा आणि वरून पडणारे किडे, तिन्ही एकाच जागी.

डोहाचं वरचं तोंड. पाणी डोहात कोसळतं त्या पांढऱ्या धारेच्या दोन्ही कडा.

डोहाचं शेपूट. डोह संपून पाणी उथळ होत, वेग घेत खाली उतरतं तो काचेसारखा गुळगुळीत पट्टा. लोकांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. ही जागा उथळ आणि रिकामी दिसते, म्हणून माणूस सरळ तिथे पाय ठेवून डोहाच्या वरच्या तोंडाकडे फ्लाय टाकू लागतो. शेपटात उभा असलेला मासा घाबरून सुसाट वर पळतो आणि त्याच्या पळण्याने अख्खा डोह सावध होतो. शेपटातला मासा नेहमी आहे असंच धरून चाला.

तपासा: उठण्यापूर्वी मनाशी तीन गोष्टी ठरलेल्या असाव्यात. मासा कुठे असेल, फ्लाय नेमकी कुठे पडायला हवी, आणि तुम्ही कुठून टाकणार. यातली एक जरी अनिश्चित असेल तर आणखी एक मिनिट बसा.

## टप्पा ५: जागा घेणं

सगळ्या लेखात हा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडा सविस्तर.

माशाला पाण्याबाहेरचं जग कसं दिसतं ते समजलं तर अर्धे नियम पाठ करावे लागत नाहीत. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो. त्यामुळे वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, आणि त्या वर्तुळाबाहेरच्या पृष्ठभागावर तळाचंच प्रतिबिंब दिसतं. खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या साधारण सव्वादोन पट असतो. मासा ३० सेंटिमीटर खोलीवर असेल तर खिडकी सुमारे ६८ सेंटिमीटरची.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, वरच्या थरात खाणाऱ्या माशाची खिडकी लहान असते, म्हणून फ्लाय त्याच्या रेषेतच पडायला हवी. हातभर बाजूला पडली तर त्याच्या लेखी ती पडलीच नाही. दोन, पाण्याच्या पातळीलगतच्या गोष्टी त्याला खिडकीच्या कडेला चेपलेल्या आणि अंधुक दिसतात. साधारण दहा अंशांच्या कोनाखाली राहिलात तर तुम्ही जवळपास अदृश्य असता. दहा मीटर अंतरावर हा कोन पाण्यापासून पावणेदोन मीटर उंचीवर येतो, म्हणजे तिथे पाण्याच्या पातळीवर उभं राहिलेलं चालतं. पाच मीटरवर ही उंची ९० सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. तिथे गुडघ्यावर बसूनच जावं लागतं. उंच काठावर उभे असाल तर काठाची उंचीही यात धरा. मग काठावरून डोकावणारा माणूस माशाला किती स्पष्ट दिसतो ते लक्षात येईल.

म्हणून जागा घेण्याचा क्रम असा:

१. ओढ्याच्या खालच्या बाजूने वर चढत जा. मासा वर तोंड करून असतो, त्याच्या थेट मागे त्याला न दिसणारा एक अरुंद पट्टा असतो, आणि तुमच्या पायांनी उठलेला गाळही खाली, मासेमारी होऊन गेलेल्या पाण्याकडे जातो.

२. एक सावध नजर भोवऱ्यांवर ठेवा. दगडामागे आणि काठालगत पाणी उलटं फिरतं तिथे मासाही उलट्या दिशेने, म्हणजे तुमच्याकडे तोंड करून उभा असतो.

३. सूर्य कुठे आहे ते पाहा. सावली, तुमची आणि रॉडचीही, माशाच्या अंगावरून जाता कामा नये. पाठीमागे झाडी, दगड किंवा दरड असेल अशी जागा निवडा. मागे मोकळं आकाश असलं की हात हलताना उठून दिसतो.

४. शेवटची पाच-सहा मीटर वाकून किंवा गुडघ्यांवर जा. पाय हळू टेका. बोलण्याचा आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतांश परततो, पण आदळलेलं पाऊल आणि पाण्याखाली घासलेले दगड माशाला अंगाच्या बाजूच्या रेषेतल्या संवेदनांनी लगेच कळतात. धातूचं टोक असलेली काठी खडकावर टेकत चालणं टाळा.

५. जागेवर पोहोचलात की लगेच फेकू नका. एक मिनिट स्थिर राहा. थोडं काही हललेलं माशाने पाहिलं असेल तर तेवढ्यात तो पुन्हा खायला लागतो.

पाण्यात उतरणं अटळच असेल तर खळाळत्या भागातून उतरा, संथ डोहातून कधीही नाही. संथ पाण्यात तुमच्या पोटऱ्यांनी उठलेली लाट तुमच्या पुढे जाऊन निरोप पोहोचवते.

इशारा: ओल्या, शेवाळलेल्या दगडावर एक पाय पक्का झाल्याशिवाय दुसरा उचलू नका. वरच्या भागात ढग दाटले असतील, पाणी अचानक गढूळ होऊ लागलं असेल किंवा काड्या-पाचोळा वाहू लागला असेल तर ताबडतोब काठ चढा. अरुंद ओढ्याची पातळी फार वेगाने वाढते. वीज चमकू लागली तर रॉड खाली ठेवून दूर व्हा. कार्बनचा रॉड विजेचा वाहक असतो.

## टप्पा ६: फेक

इथे फेक म्हणजे चार ते सात मीटर. पाण्यावर पडायला हवा तो शक्यतो फक्त लीडर.

फेकण्यापूर्वी मागे वळून आणि वर पाहा. फ्लाय अडकते ती बहुतेक वेळा मागच्या फांदीत, आणि मग अडकलेली फ्लाय सोडवायला उठलेला माणूस डोह उठवतो.

मागे जागा असेल तर साधी, आडवी फेक करा, म्हणजे रॉड फांद्यांखालून जाईल आणि माशाच्या डोक्यावरून हलणार नाही. लाइन हवेतच पुढे-मागे नेणारी फॉल्स कास्ट एक, फार तर दोन, आणि तीही माशाच्या बाजूला, वरून नाही. मागे जागा नसेल तर रोल कास्ट वापरा. लाइन पाण्यावर ठेवून रॉड सावकाश खांद्यामागे न्या, क्षणभर थांबा, आणि पुढे झटका द्या. रोल कास्ट फसते ती या थांब्याअभावी. पाण्याने लाइन धरून ठेवलेली असते, तिच्याच आधारावर रॉड वाकतो.

जिथे दोन्हीला जागा नाही, तिथे फ्लाय बाणासारखी सोडायची. रॉडच्या लांबीइतकी किंवा थोडी कमी लाइन आणि लीडर बाहेर ठेवा, फ्लाय गळाच्या वळणाला चिमटीत पकडा, रॉड समोर रोखून फ्लाय मागे ओढा, रॉड वाकू द्या आणि सोडून द्या. झुडपाच्या फटीतून, गुडघ्यावर बसून, काठाच्या बरोबर खाली फ्लाय पोहोचवण्याची ही पद्धत आठवडाभर अंगणात गिरवली की हातात बसते. तिच्यामुळे ओढ्याचा जवळपास कोणताही कोपरा आवाक्यात येतो.

इशारा: बाणाच्या फेकीत गळाचं टोक बोटांपासून बाहेर, मोकळं राहील असंच पकडा.

डोहात फेकींचाही क्रम ठरलेला आहे. आधी शेपूट, मग जवळचा काठ, मग दूरचा काठ, मग मधली शिवण, आणि सगळ्यात शेवटी वरचं तोंड. उलट केलंत तर प्रत्येक फेकीची लाइन आधीच्या माशांवरून जाते. शेपटात मासा लागला तर त्याला लगेच खाली, तुमच्या बाजूला काढून घ्या, म्हणजे वरचं पाणी शांत राहील.

फ्लाय माशाच्या वरच्या फांदीत अडकली तर ओढू नका. उरलेला डोह फिशिंग करून संपल्यावर सोडवायला जा, किंवा टिपेट तोडून नवी बांधा.

पहिली फेक सर्वोत्तम असावी लागते. लहान ओढ्यात मासा घेतो तो पहिल्या-दुसऱ्या नीट वाहिलेल्या फ्लायवर. तीन-चार चांगल्या फेकींनंतर काही हललं नाही, तर पुढे चला.

## टप्पा ७: फ्लाय मोकळी वाहू द्या

फ्लाय बरोबर पडली, मासा वर आला, नाक जवळ नेलं आणि मागे फिरला. असं झालं की लोक फ्लाय बदलतात. दहातल्या बहुतेक वेळी कारण लाइनची ओढ असते. तुम्ही आणि फ्लाय यांच्यामध्ये वेगवान धार असेल तर ती लाइन आधी पळवते, लाइन फ्लायला ओढते आणि फ्लाय भोवतालच्या बुडबुड्यांपेक्षा वेगळ्या चालीने सरकते. खरा किडा असा कधी सरकत नाही.

उपाय सोपा आहे: मधल्या धारेवर लाइन पडूच देऊ नका. फ्लाय पडताच रॉड वर उचला, हात पुढे लांबवा, आणि लाइन हवेत धरून फ्लायच्या वेगाने रॉडचं टोक सोबत न्या. यासाठीच मी फार छोट्या रॉडच्या विरोधात आहे. फ्लाय वरून तुमच्याकडे वाहत येत असेल तर डाव्या हाताने सैल होणारी लाइन त्याच वेगाने आत घ्या. जास्त जोरात घेतली तर ओढ तुमच्याच हातून लागते, आणि कमी घेतली तर मासा लागल्यावर ताण पोहोचत नाही.

लांब वाहण्याचा हव्यास नको. माशाच्या जागेवरून मीटरभर निर्वेध वाहणं पुरतं.

तपासा: फ्लायच्या शेजारचा एक बुडबुडा निवडा. फ्लाय आणि बुडबुडा सोबत जात असतील तर ठीक. फ्लाय मागे राहिली किंवा पुढे गेली तर उभं राहण्याची जागा एक पाऊल बदलून पुन्हा टाका.

मासा अजूनही नाकारत असेल तर फ्लाय एक नंबर लहान करा. तेही चाललं नाही तर टिपेट लांब करा. दुसऱ्या प्रकारची फ्लाय बांधण्याचा विचार त्यानंतरचा.

## टप्पा ८: मासा लागल्यावर

एवढ्या छोट्या लाइनवर जोराचा झटका दिला की टिपेट तुटतं किंवा वीतभर मासा हवेत उडून मागच्या झुडपात पडतो. रॉडचं टोक फक्त थोडं वर उचला, लाइन ताठ होईल इतकंच. मासा लहान असला तरी फ्लाय चटकन थुंकतो, म्हणून वेळ दवडू नका. मात्र जोर नको.

मासा आडोशाच्या मुळांकडे जाऊ लागला तर रॉड आडवा करून त्याला बाजूने वळवा. वर ओढल्याने तो अधिक जोराने खाली जातो. लांबण न लावता आत घ्या. दमेपर्यंत खेळवण्यात माशाचंच नुकसान आहे.

आता सोडण्याचा भाग, आणि इथे हयगय चालत नाही. हात आधी ओले करा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याचं जंतूंपासून रक्षण करतो आणि कोरड्या हाताने तो निघून येतो. जाळी वापरत असाल तर रबराची, गाठी नसलेली. मासा पाण्यातच ठेवून चिमट्याने गळ काढा. उलटा काटा चेपलेला असेल तर माशाला हात लावायचीही गरज पडत नाही. त्याला दाबू नका, कल्ल्यांत बोट घालू नका, काठावरच्या दगडांवर ठेवू नका. गळ घशात खोल गेला असेल तर उपटू नका, टिपेट जवळून कापा.

फोटो हवाच असेल तर सोबत्याला कॅमेरा तयार ठेवायला सांगा, मासा क्षणभर उचला आणि लगेच परत पाण्यात घ्या. जितका वेळ तुम्ही श्वास रोखून धरू शकता, त्याहून पुष्कळ कमी वेळ त्याच्याकडे असतो, कारण तो आत्ताच धाव संपवून आलेला आहे. पाण्यात मावळत्या उन्हात त्याच्या कुशीवरचे ठिपके पाहण्यात जी मजा आहे ती फोटोत तशीही उतरत नाही.

सोडताना संथ पण वाहत्या पाण्यात त्याचं तोंड प्रवाहाकडे करून हलक्या हाताने आधार द्या. पुढे-मागे हलवू नका. उलट्या दिशेने गेलेलं पाणी कल्ल्यांना उपयोगी पडत नाही. तो स्वतःच्या जोराने निघेपर्यंत हात तसाच ठेवा.

तपासा: मासा सोडल्यावर टिपेटवरून बोटं फिरवा. खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून फ्लाय पुन्हा बांधा. भिजलेली फ्लाय कपड्यात दाबून कोरडी करा आणि मगच पुढच्या डोहाकडे वळा.

## टप्पा ९: पुढे सरकणं आणि परतणं

एका डोहातून एक-दोन मासे मिळाले की तो सोडा. पुढच्या डोहाकडे जाताना ओढ्यातून चालत न जाता काठापासून दूर, वळसा घालून जा, आणि तिथे पोहोचल्यावर चौथ्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करा. दुपारनंतर दमल्यावर हाच टप्पा गाळला जातो आणि दिवसाचा उत्तरार्ध कोरडा जातो. दमला असाल तर बसून पाणी पाहा, किडे पाहा, पण न पाहता फेकू नका.

समोर आधीच कुणी मासेमारी करत असेल तर त्याच्या वर जाऊन उतरू नका. लहान ओढ्यात त्याचं पुढचं सगळं पाणी तुम्ही उठवून टाकाल. त्याला विचारा, किंवा बरंच दूर जा.

तुटलेल्या टिपेटचे तुकडे खिशात घालून आणा. नायलॉन सडत नाही आणि पक्ष्यांच्या पायांत अडकतं.

घरी आल्यावरचं काम बरेच जण टाळतात. बूट, वेडर (पाण्यात उतरताना घालायची जलरोधक पँट) आणि जाळी यांच्या ओलाव्यातून डिडिमोसारखं शेवाळ, आक्रमक गोगलगायी आणि माशांचे रोगजंतू एका ओढ्यातून दुसऱ्यात जातात. आधी चिखल आणि पाचोळा घासून काढा, मग सगळं स्वच्छ धुवा, मग पूर्ण वाळवा. कोरडं दिसू लागल्यानंतरही निदान ४८ तास तसंच राहू द्या. फेल्ट (नमद्यासारख्या) तळाचे बूट आत ओल धरून ठेवतात आणि काही ठिकाणी त्यांच्यावर बंदीच आहे, म्हणून रबरी तळ घ्या. दुसऱ्याच दिवशी वेगळ्या ओढ्यावर जायचं असेल तर त्या ओढ्यासाठी दुसरे, कोरडे बूट आणि दुसरी जाळी ठेवा.